व्यसनमुक्त लेखक आणि त्याचा मानसपुत्र

(वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हांला आरोग्याविषयी बोलण्याची आज्ञा केली आहे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांवर आपल्या संमेलनांतून नेहमी बोलले जाते आणि ते आवश्यकही आहे. यंदा आम्ही मद्यासक्ती हा विषय घेतला आहे, आणि तोही कथा-कादंबऱ्यांच्या वाटेने. डॉक्टरने साहित्याच्या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण प्रथम सांगतो.

मद्यासक्त रुग्णाच्या नातलगांकडून आम्ही जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा ऐकला, तो यकृताविषयीचा नाही. ‘डॉक्टरसाहेब, हा पुन्हा माणसांत येईल का?’ हा तो प्रश्न होय. आमची पाठ्यपुस्तके या प्रश्नाच्या अलीकडे थांबतात. शेवटच्या प्याल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हातांना कंप सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. दोन ते चार दिवसांत ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ नावाचा, भ्रम आणि ज्वर यांसह येणारा प्राणघातक विकार उद्भवू शकतो. म्हणून अनेक वर्षांच्या मद्यप्याने घरच्या घरी एकाएकी दारू तोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोडावी, आणि त्याला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व अवश्य द्यावे. इतके आम्ही खात्रीने सांगू शकतो. परंतु आठवड्यानंतर रुग्णालयातून घरी परतलेला तो गृहस्थ सायंकाळी सहा वाजता, ज्या वेळी त्याचे पाऊल नेमके त्या दुकानाकडे वळत असे, त्या वेळी काय करतो? हे आमच्या ग्रंथांत नाही. ते आम्ही कादंबरीकारांकडून शिकलो. आणि तेही सर्व कादंबरीकारांकडून नव्हे, तर ज्यांनी स्वतः दारू सोडली त्यांच्याकडून.

मद्यप्याचे पतन लिहिणे तुलनेने सोपे असते. त्यात घटना असतात, भांडणे असतात, अश्रू असतात. सुटकेत मात्र घटनाच नसते. माणूस आज प्याला नाही, उद्याही प्याला नाही, एवढेच काय ते घडते. हे न घडणे ज्याने स्वतः जगले आहे, त्यालाच ते वाचकाच्या गळी उतरविता येते. लेखकाची स्वतःची व्यसनमुक्ती त्याच्या मानसपुत्राला नेमके काय देते, हे आज आपण एका ठळक उदाहरणावरून पाहू.

अमेरिकेतील मेन राज्यात १९४७ साली जन्मलेले स्टीफन किंग हे भयकथांचे लेखक म्हणून आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक आहेत. त्यांची ‘द शायनिंग’ ही कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक जॅक टॉरन्स हा शिक्षक, होतकरू लेखक आणि मद्यपी. नशेच्या भरात त्याने आपल्या लहानग्या डॅनीचा हात मोडलेला आहे. पुढे एका रात्री, मित्रासमवेत गाडीतून येत असता, रस्त्यात पडलेल्या एका सायकलीवर गाडी आदळते. सायकलीवर मूल होते की काय या धास्तीने तो हादरतो आणि दारू सोडतो. नंतर एका विद्यार्थ्यावर हात उगारल्यामुळे नोकरी जाते, आणि हिवाळ्यात बंद राहणाऱ्या, कोलोरॅडोच्या डोंगरातील ‘ओव्हरलुक’ हॉटेलची राखण करण्यासाठी तो पत्नी आणि मुलाला घेऊन जातो. बर्फाने वाट बंद होते. ते हॉटेल पछाडलेले असते, आणि हळूहळू ते जॅकचा कबजा घेते.

डॉक्टरच्या दृष्टीने ही कादंबरी वाचली असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. जॅक दारू पीत नाही, पण तो बराही झालेला नाही. तो सारखे ओठ पुसतो. पाण्याशिवाय डोकेदुखीच्या गोळ्या चघळतो. मनातल्या मनात जुने अपमान उगाळतो. हा नुसता निग्रह आहे, दातओठ खाऊन पाळलेला. त्याच्याशी या विषयावर बोलणारे कोणी नाही. पत्नी बोलू पाहते, तर तिच्या नजरेत त्याला संशयच दिसतो. त्या हॉटेलच्या तळघरात एक जुनाट बॉयलर आहे. त्यातील वाफेचा दाब दररोज न चुकता उतरवावा लागतो. अखेरीस ते काम विसरले जाते आणि बॉयलर फुटून हॉटेलसह जॅकचा अंत होतो. ज्यांनी १९८० साली आलेला स्टॅन्ली कुब्रिक यांचा चित्रपटच पाहिला असेल त्यांना हा शेवट ठाऊक नसेल, कारण चित्रपटात तो बदललेला आहे. परंतु निग्रहाचा दाब साठत जातो आणि त्याला रोज वाट करून द्यावी लागते, हा या कादंबरीचा वैद्यकीय अर्थ त्या बॉयलरमध्येच आहे.

ही कादंबरी लिहिताना स्वतः किंग दारूच्या आहारी गेलेले होते. पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन रायटिंग’ या आत्मपर पुस्तकात त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. आपण आपल्याविषयीच लिहीत आहोत, हे तेव्हा आपल्या ध्यानात आले नव्हते, असे ते म्हणतात. आईच्या अंत्यविधीच्या वेळी भाषण करतानाही आपण नशेत होतो, आणि ‘क्यूजो’ ही १९८१ सालची आपली कादंबरी लिहिल्याचे आपल्याला फारसे आठवतच नाही, हेही त्यांनी लपविलेले नाही. दारूच्या जोडीला कोकेनही आले. शेवटी पत्नी टॅबिथा यांनी घरच्यांना आणि मित्रांना जमविले आणि किंग यांच्या खोलीतील बिअरचे डबे, कोकेनच्या कुप्या असा सारा पसारा पिशवीत भरून सर्वांसमक्ष गालिच्यावर ओतला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते व्यसनातून बाहेर पडले. दारू सुटली तर लेखणीही सुटेल, ही त्यांची मोठी धास्ती होती. ती खोटी ठरली.

म्हणजे १९७७ साली किंग यांना तहान ठाऊक होती. तहानेनंतरचे जगणे ठाऊक नव्हते. जॅकची तहान त्यांनी इतकी अचूक लिहिली आहे की कोणत्याही डॉक्टरने ती अभ्यासावी. परंतु जॅकला वाट दाखविणे त्यांना शक्य नव्हते, कारण ती वाट त्यांच्याही पायांखाली नव्हती.

येथे आपल्या मराठीतील एका थोर नाटकाची आठवण येणे अपरिहार्य आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर बुद्धिमान वकील. न्यायालयात त्याचा अपमान होतो, सनद जाते, आणि तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पुढे सुधाकर दारू सोडण्याचा निश्चयही करतो. पण नोकरीच्या शोधात जुन्या ओळखीच्या माणसांनी केलेली अवहेलना त्याला सोसत नाही आणि तो पुन्हा पितो. सिंधूचे आणि त्याचे पुढे काय झाले ते महाराष्ट्र जाणतो. या नाटकातील एक गोष्ट मात्र आपण सहसा बोलून दाखवीत नाही. पिणाऱ्यांचे तेथे एक मंडळ आहे, आर्यमदिरामंडळ. तेथे थट्टा आहे, सोबत आहे, हक्काची जागा आहे. सोडणाऱ्यांचे मंडळ मात्र कोठेच नाही. सुधाकर सोडतो तो एकटा, आणि म्हणूनच हरतो तोही एकटा. त्याच नाटकात भगीरथ नावाचा एक तरुण आहे. प्रेमभंगामुळे तो दारूकडे वळलेला असतो. रामलाल त्याला हाताशी धरतो, लोकसेवेचे काम दाखवितो आणि भगीरथ सुटतो. सुधाकर सर्वांना आठवतो, भगीरथ फार थोड्यांना. सुटलेला माणूस आमच्या स्मरणात राहात नाही, हीच आमची अडचण आहे.

जॅक टॉरन्सचीही तीच गत. माणसांत त्याला सोबत मिळत नाही, म्हणून पछाडलेले हॉटेल त्याला सोबत पुरविते. रिकाम्या मद्यगृहात लॉइड नावाचा भुताटकीचा मद्यवाटप्या त्याच्यासाठी प्याला भरतो, आणि ओस पडलेल्या दालनात मेजवानी रंगते. तळीरामाचेच मंडळ ते. केवळ वेश निराळा.

सोडणाऱ्यांचे मंडळ जगात उभे राहिले ते १९३५ साली, अमेरिकेतील ओहायो राज्याच्या अ‍ॅक्रन या गावी. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराशी संबंधित असलेले बिल विल्सन तेथे व्यवसायासाठी गेले होते. काम फसले, पिण्याची ऊर्मी दाटून आली. दुसऱ्या एखाद्या मद्यप्याशी बोललो तर आपण वाचू, या विचाराने त्यांनी शोध घेतला आणि त्यांची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. स्वतः मद्यपी असलेला डॉक्टर या संस्थेच्या दोन संस्थापकांपैकी एक आहे, हे आम्हां डॉक्टर मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ निर्माण झाली. तिची रीत साधी. नाव-गाव न सांगता एकत्र बसावे, आपली हकिगत सांगावी, दुसऱ्याची ऐकावी, आणि केवळ आजच्या दिवसापुरते न पिण्याचे ठरवावे.

आता ‘द शायनिंग’च्या पुढच्या भागाकडे येऊ. ‘डॉक्टर स्लीप’ ही कादंबरी २०१३ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे छत्तीस वर्षांनी, आणि किंग यांच्या व्यसनमुक्तीला सुमारे पाव शतक लोटल्यावर. जॅकला असा समूह भेटला असता तर काय झाले असते, हा प्रश्न आपल्या मनात घोळत होता, असे किंग यांनी सांगितले आहे. नायक तोच लहानगा डॅनी, आता प्रौढ झालेला डॅन. आणि तोही बापासारखाच मद्यपी. यात अतिशयोक्ती नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून मद्यासक्तीच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा असल्याचे दिसते. मात्र उरलेला निम्मा माणसाच्या परिस्थितीत आणि सोबतीत असतो, आणि ही कादंबरी त्या उरलेल्या निम्म्याची आहे.

लेखकाच्या व्यसनमुक्तीने डॅनला तीन गोष्टी दिल्या आहेत, असे आम्हांला वाटते.

पहिली गोष्ट सोबतीची. न्यू हॅम्पशायरमधील एका लहान गावात डॅन बसमधून उतरतो. तेथे बिली फ्रीमन नावाचा साधा कामगार त्याला ओळखतो. नावाने नव्हे, अवस्थेने. त्याच्यामुळे काम मिळते, आणि केसी किंग्जली हा जुना व्यसनमुक्त गृहस्थ त्याचा स्पॉन्सर, म्हणजे वाटाड्या होतो. येथे चमत्कार नाही. नोकरी, भाड्याची खोली, सभा, कडू कॉफी, आणि रात्री-अपरात्री ज्याला फोन करता येईल असा एक माणूस. ज्याने हे जगले नाही असा लेखक एखादा हृदयपालटाचा प्रसंग लिहून मोकळा झाला असता. किंग यांनी वर्षे लिहिली.

दुसरी गोष्ट उपयोगाची. डॅनला लहानपणापासून इतरांच्या मनातले आणि मेलेल्यांचेही दिसते. ते सोसवत नाही म्हणून तो ती शक्ती दारूत बुडवून ठेवीत असतो. दारू सुटते तेव्हा ती शक्ती परत येते, आणि तो मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहात नोकरी करू लागतो. तेथे अखेरच्या घटकेला त्यांचा हात हातात धरून तो त्यांना भयमुक्त करतो. त्यावरूनच त्याला ‘डॉक्टर स्लीप’ हे नाव पडते. आमच्या पेशाला हे चित्र फार जवळचे आहे. ज्या हळवेपणापायी माणूस पिऊ लागतो, तोच हळवेपणा पुढे दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकतो. मात्र त्यासाठी तो शुद्धीवर हवा.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण, ती गुपिताची. पिण्याच्या काळात डॅनने एका गरीब तरुण आईच्या पाकिटातील पैसे चोरलेले असतात, आणि तिचे रांगते-चालते मूल त्या घरात तसेच सोडून तो निघून गेलेला असतो. हे तो कोणालाही सांगत नाही, केसीलाही नाही. वर्षानुवर्षे दारूचा थेंब न घेणारा हा माणूस आतून मात्र बांधलेलाच राहतो. आपल्या व्यसनमुक्तीच्या पंधराव्या वाढदिवशी सभेपुढे उभा राहून तो हे सांगतो. आणि मग काय होते? कोणी त्याचा धिक्कार करीत नाही. जे आयुष्यभर जाळत होते, ते इतर माणसांच्या कानांवर पडल्यावर त्यांच्या हकिगतींसारखीच एक हकिगत ठरते. हा प्रसंग कल्पनेने सुचण्यासारखा नाही. अशा खोलीत जो अनेक वर्षे बसला आहे त्यालाच तो लिहिता येतो. पुढे डॅन आपल्या भाचीच्या नात्यातील आब्रा या पंधरा वर्षांच्या मुलीला घराण्यातील दारूचा आणि रागाचा इतिहास उघड सांगतो, तेव्हा जॅकच्या घरात साठलेला दाब अखेर उतरतो.

लेखक व्यसनमुक्त असला म्हणजे नायकही सुटतो, असा सरळ नियम मात्र नाही. चार्ल्स जॅक्सन यांनी १९३६ साली दारू सोडली आणि १९४४ साली ‘द लॉस्ट वीकएंड’ ही कादंबरी लिहून मोठी कीर्ती मिळविली. १९४५ साली तिच्यावर निघालेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. चित्रपटाने नायकाला आशा दिली. कादंबरीने दिली नव्हती. तो काळ जॅक्सन यांनी समूहाविना, स्वतःच्या बळावर काढला होता, आणि त्यांचा नायकही एकटाच आहे. पुढे जॅक्सन पुन्हा व्यसनात गेले, १९५०च्या दशकात त्या समूहात आले, आणि १९६८ साली झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने त्यांचा मृत्यू झाला. याउलट कवी-कथाकार रेमंड कार्व्हर यांनी २ जून १९७७ रोजी दारू सोडली ती १९८८ साली मृत्यू येईपर्यंत. त्यांच्या ‘व्हेअर आय अ‍ॅम कॉलिंग फ्रॉम’ या कथेत दारू सोडविण्याच्या घरातील दोन रुग्ण ओसरीवर बसलेले आहेत. एक आपली कहाणी सांगतो, दुसरा ऐकतो. बाकी फारसे काही घडत नाही. पण त्या ऐकण्यातूनच ऐकणाऱ्याला आपल्या माणसांना फोन करण्याचे बळ येऊ लागते. लेखक कसा सुटला, यावर त्याचा नायक कसा सुटेल हे ठरते, असे या तिघांना शेजारी ठेवून पाहिले म्हणजे दिसते.

साहित्य जे सांगते त्याला वैद्यकाचा आधार आहे काय? आहे. औषधे आहेत: नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत १९९४ साली मद्यासक्तीसाठी मान्यता मिळाली, अ‍ॅकॅम्प्रोसेटला २००४ साली, ती तहान कमी करतात आणि योग्य रुग्णाला अवश्य द्यावीत. परंतु २०२० साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. अखंड मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत, अशा समूहांकडे रुग्णाला पद्धतशीरपणे वळविणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांहून सरस ठरल्याचे त्यात आढळले. तात्पर्य, सोबत हीदेखील एक मात्रा आहे.

या समूहाच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो. आपल्यापैकी अनेकांना तो खटकेल. ज्याला जसा तो उमगेल तसा, अशी मोकळीक मूळ शब्दांतच ठेवलेली आहे, आणि ईश्वर न मानणाऱ्या सदस्यांचे वेगळे समूहही अमेरिकेत भरतात. डॅनला सावरणारे हातही माणसांचेच आहेत. आपल्यासाठी तर हा विचार परका नाही. पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे, आणि पालीत त्याला शिक्षापद म्हटले आहे. म्हणजे ती आज्ञा नसून शिकण्याची पायरी आहे. म्हणूनच ते एकदा घेऊन संपत नाही, प्रत्येक वंदनेच्या वेळी पुन्हा घ्यावे लागते. केवळ आजच्या दिवसापुरते, याचा याहून वेगळा अर्थ तो काय?

बंधू-भगिनींनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि तिचा आम्हांला अभिमान आहे. परंतु या अभिमानाची एक दुसरी बाजू परदेशातील घरांच्या बंद दारांआड आम्ही पाहिली आहे. ज्याची प्रतिज्ञा मोडली तो आपल्यापासून तोंड लपवितो. जयंतीला येत नाही, फोन घेत नाही. मुले शाळेत काही बोलत नाहीत, पत्नी मैत्रिणींना काही सांगत नाही. ओव्हरलुक हॉटेल कोलोरॅडोतच असते असे नाही. बर्फाने वाट बंद झालेले कोणतेही घर म्हणजे ते हॉटेल होय.

अशा घराला आपण काय देतो? बहुधा शपथ. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घ्यावयास लावलेली शपथ. ती मोडते तेव्हा दारूच्या जोडीला लेकराच्या जिवाची भीती आणि स्वतःची किळस येऊन बसते, आणि दाब वाढतो. शपथेऐवजी त्या माणसाला गाडीत घालून जवळच्या सभेला नेऊन सोडावे आणि दोन तासांनी आणावयास जावे. मायदेशी असा कोणी असेल, तर पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रांची वाट त्याला दाखवावी. पडला तर पुन्हा न्यावे. मधुमेही रुग्णाची साखर वाढली म्हणून आपण त्याला समाजाबाहेर ठेवीत नाही.

शेवटची विनंती आपल्यातील लिहिणाऱ्यांना आहे. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चे सदस्य आपण सदस्य असल्याचे वृत्तपत्रांतून वा पडद्यावरून नावानिशी सांगत नाहीत, ती त्यांची परंपरा आहे आणि तिची कारणे योग्यच आहेत. परिणाम मात्र असा की, बुडालेले सर्वांना दिसतात, तरलेले कोणालाच दिसत नाहीत. कादंबरीतील माणसाला ही अडचण नाही. त्याचे नाव खोटे असते, म्हणून त्याला खरे सांगता येते. आपल्यांत दारू सोडून दहा-वीस वर्षे झालेले लोक आहेत. त्यांची कहाणी त्यांनी स्वतःच्या नावाने सांगावी असा आमचा मुळीच आग्रह नाही. त्यांनी एक मानसपुत्र निर्माण करावा, त्याला हवे ते नाव द्यावे आणि सायंकाळी सहा वाजता तो काय करतो ते मराठीत लिहावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत असे एक पान आले, तर ज्या घरी ते पोचायला हवे तेथे ते खचित पोचेल.